इनासचं पाणी

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा एक फोटो आला. जनरेटरच्या खोलीमागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून, एक म्हातारी बाई वाकून जमिनीवर पाणी ओतते आहे. खाली सेक्रेटरींचा मजकूर: ही बाहेरची बाई रोज संध्याकाळी मागच्या गेटने आत येते, करणीचा प्रकार असू शकतो, मुलांना तिकडे खेळायला पाठवू नये. त्याखाली घाबरलेल्या चेहऱ्यांची आणि जोडलेल्या हातांची रांग. घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधली ही माणसं. दिवसभर लॅपटॉपवर जगाला अक्कल शिकवतात आणि संध्याकाळी तांब्याभर पाण्याला घाबरतात. मी तिथल्या तिथे लिहिलं, "तुम्ही कुंडीत पाणी घातलं तर बागकाम आणि म्हातारीने जमिनीवर घातलं तर करणी?" आणि उत्तराची वाट न बघता खाली उतरले.

भिंतीपलीकडे गावाची ख्रिस्ती दफनभूमी आहे, हे घर घेताना बिल्डरने आम्हाला सांगितलं नव्हतं. बाई भिंतीच्या अलीकडे उभी होती. खोचलेली सुती साडी, गळ्यात बारीक क्रूस, हातात रिकामा तांब्या. वॉचमन गणू तिला हातवारे करून बाहेर जायला सांगत होता आणि ती त्याला खुशाल शिव्या घालत होती. मी विचारलं, "मावशी, कोणाला घालताय पाणी?"

"माज्या पोराला," ती म्हणाली. "ते तुमचं मशीन धडधडतं ना, त्याच्या खाली झोपलाय."

ही ॲडेलिन. उत्तनच्या कोळ्यांच्या घरात जन्मली आणि इथल्या शेतकऱ्याच्या, लिनोच्या, घरात आली. आमचा टॉवर उभा आहे तिथे तेव्हा भात आणि वांगी व्हायची. लिनो शेती बघायचा आणि ॲडेलिन माहेरहून आलेले सुके बोंबील, जवळा, वाकट्या टोपलीत भरून एसटीने कल्याणच्या बाजारात नेऊन विकायची. एसटीत तिच्या टोपलीवरून रोज कोणीतरी नाक दाबायचं आणि रोज ती भांडायची. बाजारात तिच्या शेजारी बसायला इतर बायका दबकत, पण पालिकेची गाडी आली की सगळ्या तिच्याच मागे लपत. भांडणाची हौस तिलाही आणि मलाही, म्हणून आमचं जमलं असावं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी तावातावाने भांडून तिला मागच्या गेटची परवानगी मिळवून दिली. तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिच्याबरोबर त्या भिंतीशी उभी राहू लागले आणि हळूहळू मला तिची हकीगत कळली.

तिचं पहिलं मूल मुलगा. जन्मल्यावर तीन दिवस जगला आणि बाप्तिस्मा व्हायच्या आत गेला. बाप्तिस्मा म्हणजे डोक्यावर पाणी ओतून, देवाचं नाव घेऊन बाळाला चर्चमध्ये सामावून घेणं. बाळ जाणार असं दिसलं, तर फादरची वाट न बघता घरातल्या कोणीही दोन थेंब पाणी ओतलेलं चालतं. पण हे ॲडेलिनला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. सांगितलं ते बाळ गेल्यावर, तेही दोष द्यायला. बाप्तिस्मा नाही म्हणून बाळाला दफनभूमीत जागा नाही. लिनोने बाळ ठेवलेला खोका काखेत मारला, भिंतीबाहेर स्वतःच्याच शेताच्या कडेला खड्डा खणला आणि बाळाला पुरलं. प्रार्थना कोणी म्हटली नाही. फादर आले नाहीत, शेजारीही आले नाहीत.

पण खरा घाव बसला तो पुढच्या रविवारी. त्या वेळचे फादर बाहेरून आलेले, त्यांना मराठी येत नसे. ते इंग्रजीत बोलायचे आणि धर्मशिक्षण देणारे मास्तर शेजारी उभे राहून माइकवर एकेक वाक्य मराठीत करून सांगायचे. त्या रविवारी विषय होता बाप्तिस्म्याला उशीर करू नका.

"फादर कायतरी लिंबू, लिंबू बोलला," ॲडेलिन मला म्हणाली. "मास्तर थांबला. मान खाजवलीन. मग बोलला, असा पोर अधोलोकात जातो. आनि माज्याकडे बोट दाखवून बोलला, आपल्याच गावात काय झाला ता सगल्यांनी बघलाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण मी पोटासाठी भाषांतर करते. साबणांच्या वेष्टनांवरचा मजकूर, विम्याच्या अटी, मशिनींच्या सूचना इंग्रजीतून मराठीत आणते. मान खाजवण्याचा तो क्षण मला चांगला माहीत आहे. समोर अडलेला शब्द असतो, जवळ नेमका शब्द नसतो आणि मग हाताला लागेल तो शब्द माणूस उचलतो. माझ्या कामात त्यामुळे फार तर एखाद्याचा मिक्सर बिघडेल. इथे एका बाळंतिणीला, दूध अजून आटलेलं नसताना, तिचं मूल कुठे आहे ते सांगितलं जात होतं. आणि मास्तरांनी उचलला तो शब्द कुठला, तर अधोलोक.

पुढच्याच काही महिन्यांत चर्चमध्ये श्रीमंत माणसाची आणि गरीब लाजराची गोष्ट वाचली गेली. मेल्यावर श्रीमंत माणूस अधोलोकात पडतो, आगीत होरपळतो आणि वर बघून विनवतो की कोणीतरी बोट पाण्यात बुडवून माझ्या जिभेला लावा. तोच शब्द. ॲडेलिन बाकावर बसून ऐकत होती. गोष्ट श्रीमंतांना ताकीद द्यायला होती म्हणे. तिला त्या गोष्टीत श्रीमंत दिसलाच नाही, तहानलेला पोर दिसला. त्याच संध्याकाळी तिने तांब्या उचलला.

आणि राहिलेलं काम आमच्या, हिंदूंच्या, बाजूने झालं. कल्याणच्या बाजारात तिच्या समोर तसबिरींचा एक दुकानदार होता. त्याच्याकडे देवादिकांबरोबर यमपुरीचंही चित्र टांगलेलं असे: शिंगं असलेले दूत, उकळत्या तेलाच्या कढया, त्यांत तळली जाणारी माणसं. आमच्या डोंबिवलीच्या घरी, आजीच्या खोलीत, हेच चित्र होतं आणि मी लहानपणी त्या खोलीत एकटी जात नसे. ॲडेलिनने त्या दुकानदाराला विचारलं, "भाऊ, अधोलोक बोलतात तो हाच काय?" त्याने मागे वळूनही न बघता सांगितलं, "हाच मावशी, दुसरा कुठला?" झालं! बायबलातला शब्द, मास्तरांचं तोंड आणि आमच्या पुराणातली कढई. तीन धर्मांची नाही, तीन दिशांची माणसं एकत्र आली आणि त्यांनी मिळून तीन दिवसांच्या बाळाला तेलात टाकलं. कोणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. ॲडेलिन मात्र त्या चित्रासमोर बसून रोज बोंबील विकत होती.

इतकं मला भिंतीशी उभं राहून कळलं होतं. याच्या पुढचं ती बोलत नसे. गावात तिच्याबद्दल काय बोललं जायचं ते मात्र कानावर येई. ही बाई रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येते, पण कधी कम्युनियन, म्हणजे फादर देतात तो पवित्र भाकरीचा तुकडा, घेत नाही. फादरपुढे पापं कबूल करून क्षमा मागायला, पापनिवेदनाला, जात नाही. सगळे उठून रांगेत जातात तेव्हा ही बाकावर ढिम्म बसून राहते. कोणी म्हणे गर्विष्ठ आहे, कोणी म्हणे हिने काहीतरी मोठं पाप लपवलंय, कोणी म्हणे हिंदूंच्या नादाने देव सोडला. स्वतः दारू पिऊन बायकोला बडवणारे पुरुषसुद्धा रविवारी रांगेतून परत येताना तिच्याकडे तिरकस बघून जायचे.

गेल्या पावसाळ्यानंतर तिचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तिची मुलगी स्वीडल नवऱ्यासह तिच्याबरोबरच राहते. तिचा मला एका दुपारी फोन आला. ती रडकुंडीला आली होती.

"ऋजुता, तू येशील का? फादर तेल घेऊन आलेले, तिने त्यांना परत पाठवलं. ती तुझं ऐकेल."

आजारी माणसाच्या कपाळाला आणि तळहातांना फादर पवित्र तेल लावतात, पापांची क्षमा देतात. मरणाच्या दारातला ख्रिस्ती माणूस या तेलासाठी तळमळतो. आणि ही फादरना दारातून परत पाठवते. मी गेले. ती खाटेवर भिंतीला टेकून बसली होती, पाय सुजलेले, आवाज मात्र तसाच.

"तेल लावला की मी सरगात जानार," ती म्हणाली. "माजा पोर तिकडे नाय. मी सरगात जाऊन काय करू? माश्या मारू?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ही बाई देव विसरली नव्हती. हिने सगळा हिशोब सरळ लावला होता. बाळ अधोलोकात आहे. चांगला माणूस स्वर्गात जातो. म्हणजे आपण चांगल्या राहिलो तर त्याची भेट कधीच नाही. म्हणून वयाच्या विशीपासून आजपर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं, तिने जाणूनबुजून क्षमा मागितली नाही. रोज प्रार्थना केली, कोणाचं वाईट केलं नाही, आणि तरी रविवारच्या रविवारी बाकावर बसून राहिली, आपल्याला चुकूनसुद्धा स्वर्ग मिळू नये म्हणून.

"लिनोला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्याला सांगितला ना. तो चालला तेव्हा. त्याने तेल घेतला, कम्युनियन घेतला. तो सरगात गेला. मी त्याचा हात धरला आनि बोलली, लिनो, आता आपली भेट नाय. मना पोराकडे जायचाय. तू एकटा ऱ्हा. तो बोलू शकत नव्हता. नुसता बघत होता."

स्वीडल दारात उभी राहून हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिने तोंडावर हात दाबून धरला.

मी तिथून उठले ती तडक चर्चमध्ये गेले. फादर ॲड्रियन तरुण आहेत, पुण्यात शिकलेत, छान मराठी बोलतात. मी काय बोलले ते मला धड आठवत नाही, एवढंच आठवतं की ऑफिसातली बाई दार लावायला उठली होती. फादर शांतपणे ऐकत होते, पण ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला.

"लिंबो," ते म्हणाले. "त्या फादरनी लिंबो म्हटलं असणार. लॅटिन शब्द आहे. अर्थ काठ. कपड्याचा असतो तसा काठ. बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं कुठे असतील, या प्रश्नाला कोणा विद्वानांनी दिलेलं ते उत्तर होतं. काठावर, जिथे दुःख नाही. ती कधी सक्तीची शिकवण नव्हती आणि आता तर चर्च म्हणतं की या बाळांना आम्ही देवाच्या दयेवर सोपवतो, ती तारली जातील अशी आशा धरतो."

"आणि अधोलोक?"

"जुन्या हिब्रू भाषेत शेओल. सगळे मेलेले जातात ती जागा, चांगले आणि वाईटही. याकोब आपला लाडका मुलगा मेला असं समजतो, तेव्हा तोही रडत म्हणतो की मी खाली शेओलात माझ्या लेकाकडे जाईन. याकोब देवाचा माणूस, तो काही नरकात जायचं म्हणत नव्हता. पुढे तो शब्द ग्रीकमधून आला आणि मग आपल्याकडे अधोलोक झाला, आणि लोकांनी त्याचा नरक केला. अशा बाळांच्या दफनासाठी प्रार्थनाही आहे. ते बाळ गेलं तेव्हाही होती."

मी ओरडलेच. होती! काठ म्हणायचं तर अधोलोक म्हटलं, प्रार्थना होती ती म्हटली नाही, शिकवण बदलली तर ती रोमहून इथपर्यंत यायला कोणाला वेळ मिळाला नाही. नवीन रंग आला, नवीन माइक आला, चर्चला लिफ्ट आली. एक शब्द दुरुस्त करायला कोणी आलं नाही. फादरनी बचाव केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. ते माझ्याबरोबर निघाले.

ॲडेलिनच्या खाटेशी गुडघ्यावर बसून त्यांनी तिला हळू आवाजात सगळं सांगितलं. काठाचं सांगितलं, याकोबाचं सांगितलं. तुमचा मुलगा आगीत नाही, तहानलेला नाही, देवाजवळ आहे यावर माझा विश्वास आहे, असं म्हणाले. मला वाटलं ती रडेल. ती लाल झाली.

"क्यासाठी कानात सांगतोस?" ती म्हणाली.

फादर गोंधळले.

"मास्तरने माइकवर सांगितला. सगल्या गावात. माज्याकडे बोट दाखवून. आनि तू दुरुस्ती कानात करतोस? मेलेल्यांच्या दिवसाला सगला गाव शिमिटरीत येतो. तिकडे सांग, माइकवर. माज्या पोराचा नाव घे. मग तेल आन."

शिमिटरी म्हणजे दफनभूमी आणि मेलेल्यांचा दिवस म्हणजे दोन नोव्हेंबर. तो चार दिवसांवर आला होता. फादर घराबाहेर येऊन माझ्याशी बोलत राहिले. मास्तर वारले, पण त्यांचं घराणं गावात आहे, चर्चच्या कामात आहे, त्यांना लागेल. जुन्या माणसांच्या मनात गोंधळ होईल. तेल घ्यायला ॲडेलिनला आधी तयार करता आलं तर बरं, वेळ कमी आहे. मी म्हटलं, "फादर, त्या बाईने तुमच्या एका शब्दासाठी स्वर्ग सोडला, नवरा सोडला. तुम्हाला एका घराण्याची नाराजी सोसवत नाही?" ते गेले आणि पुढचे चार दिवस मी स्वीडलच्या घरी फेऱ्या मारत राहिले. दर श्वासाला वाटायचं की हा शेवटचा. तेलाची बाटली चर्चमध्ये आणि ही खाटेवर, आणि दोघांच्या मध्ये एक माइक. मला त्या माइकचा इतका राग आला होता की सांगून सोय नाही.

दोन तारखेला संध्याकाळी दफनभूमीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक कबरीवर झेंडू आणि मेणबत्त्या, भिंतीपलीकडे आमच्या टॉवरच्या बाल्कन्यांतून लोक वाकून बघत होते. स्वीडलने आईला चाकाच्या खुर्चीत बसवून लिनोच्या कबरीशी आणलं होतं. प्रार्थना झाल्या. गेल्या वर्षभरात वारलेल्यांची नावं झाली. फादरनी नावांचा कागद मिटला, पण माइक सोडला नाही.

"आणखी एक नाव राहिलंय," ते म्हणाले. "फार वर्षं राहिलंय. या चर्चमध्ये एकदा सांगितलं गेलं की बाप्तिस्म्याशिवाय गेलेलं बाळ अधोलोकात जातं. ते चूक होतं. शब्दही चूक होता आणि आईकडे बोट दाखवून तो सांगणंही चूक होतं. त्या बाळाला या भिंतीबाहेर पुरलं, तीही चूक. ही सगळी चूक आमची होती, आईची नव्हती." मग ते खुर्चीकडे वळले. "बाय, नाव सांगा."

"इनास," ॲडेलिन म्हणाली. माइक लागला नाही, इतका तिचा आवाज मोठा होता. "माज्या बापाचा नाव. इनास लिनो."

"इनास," फादर माइकवर म्हणाले, आणि सगळ्यांनी सवयीने उत्तर दिलं, हे प्रभू, त्याला चिरशांती दे.

मास्तरांच्या घरची माणसं पुढे उभी होती. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी बाई, मास्तरांची बायको, काठी टेकत पुढे आली. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. ती माइककडे न बघता फादरना म्हणाली, "माजी पन होती. मुलगी. मास्तरनीच खनला होता खड्डा. नाव नाय ठेवला." मग पाठीमागून कोणीतरी म्हणालं, माझे दोन. डावीकडून एक म्हातारा म्हणाला, माझ्या बहिणीचं. भिंतीच्या त्या बाजूला एकटा इनास नव्हताच. आमच्या जनरेटरखाली, पार्किंगखाली, मुलांच्या घसरगुंडीखाली एक सबंध गाव पुरलेलं होतं, आणि आपल्या पोरीला अधोलोकात टाकून आलेल्या मास्तरांनी दुसरीच्या पोराकडे बोट दाखवलं होतं. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही. अजूनही येत नाही.

ॲडेलिनचं तिकडे लक्षच नव्हतं. ती खुर्चीतून वाकली आणि लिनोच्या कबरीवर तळहाताने थापा मारू लागली, झोपलेल्या माणसाला उठवतात तशा.

"लिनो. ए लिनो. ऐकलास ना? मी तुला त्या दिवशी बोलली ता चूक होता. मना चुकीचा सांगितलेला. भेट हाय. पोर तुज्याकडेच हाय. त्याला सांग, आय येते."

मग ती सरळ बसली, श्वास घेतला आणि दोन्ही तळहात उघडून फादरपुढे धरले.